स्टोव्हला डावा कौल

"ह्याका खावक काय लागता?"

घरात कुठलीही नवी वस्तू आली की काकीचा पहिला प्रश्न हाच. गजराचं घड्याळ आलं तेव्हा तिने स्वतःच उत्तर दिलं, "चावी खाता." थर्मास आला तेव्हा म्हणाली, "ह्यो काय खाणा नाय, पण ह्येका जपूचां लागता. म्हंजे पावणो." आणि स्टोव्ह आला तेव्हा तिने त्याच्याभोवती दोनदा फिरून बघितलं. रॉकेल, स्पिरिट, पिन असा त्याचा आहार मी सांगितल्यावर कपाळावर हात मारला.

"अगो बाय माझे! जां खावक मागता तां जनावर. माझ्या गोठ्यात एक आसा, तां दूध तरी देता. ह्यां काय देतला?"

काकी माझी सख्खी काकी नव्हे. मी तिच्या पडवीलगतच्या खोलीत राहत होते, एवढंच नातं. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच होता. मालवणच्या उत्तरेला खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात दवाखान्याची नर्स म्हणून मला धाडलं होतं. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेसुद्धा खाडीला भरती नसली तर. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे मी. वय चोवीस. मूळची कणकवलीची, आणि कणकवलीत राहून जेवढं शहाणं होता येतं तेवढी शहाणी. गावाला सुधारायला आपल्याला पाठवलंय, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. गावाने ती खपवून घेतली.

काकी काटकुळी, ताठ, नाकात तपकीर आणि कमरेला किल्ल्या. नवरा मुंबईला गिरणीत होता, तिथेच वारला. एकुलता एक मुलगा, तोही मुंबईला कुठल्याशा कचेरीत. घरात ती, गाय आणि मी. तिघींमध्ये सगळ्यांत कमी बोलणारी काकी होती असं नाही. दिवसभर बोलायची. पण आपल्याला काय हवं ते मात्र तिने जन्मात कधी सांगितलं नाही. भूक लागली की म्हणायची, "उन्हां खंय इली बघ गो." पाय दुखले की म्हणायची, "गायीक आज चलाक होणा नाय." जेवायला वाढू का विचारलं तर "बघूया." मला ह्या "बघूया"ची इतकी चीड यायची की एकदा मी ताट वाढून समोर आदळलं. "बघा आता!" म्हटलं. तिने शांतपणे बघितलं आणि शांतपणे जेवली.

तिच्या वतीने होय-नाही सांगायचं काम देवाकडे होतं. आमच्याकडे कौल लावतात. देवळात गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, तुमचा प्रश्न देवाच्या कानावर घालतो, आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, नवी होडी असल्या गोष्टींना सगळेच कौल लावत. थर्मासला कौल लावणारी पंचक्रोशीत एकटी काकी.

ह्या वस्तू धाडायचा तिचा मुलगा. बोटीचा हंगाम सुरू झाला की गावातला कुणी ना कुणी मुंबईहून यायचा. बोट बाहेर समुद्रात उभी राहायची, माणसं पडावातून किनाऱ्याला लागायची, आणि त्यातलं एक बोचकं काकीचं असायचं. सोबत चिठ्ठी. ती मी वाचायची. प्रत्येक चिठ्ठीची सुरुवात एकच: "आई, तुझी सोय व्हावी म्हणून सोबतची वस्तू पाठवीत आहे." ऐकून काकी तपकिरीची चिमूट नाकाशी नेऊन थांबायची. "सोय म्हंजे काय गो? एकाचा काम उचलून दुसऱ्याच्या मानेर ठेवचा."

पहिल्या वर्षी ते गजराचं घड्याळ आलं. काकी जन्मभर कोंबड्याच्या आधी उठलेली बाई. तिला गजर लावून दिला, तर दुसऱ्या दिवशी डोळे लाल.

"काय झालां, काकी?"

"होय काय! तां मेलां वेळार उठता काय नाय तां बघूक मी जागी रवलंय."

चार दिवस तिने घड्याळावर असा पहारा केला. सोमवारी देवळात गेली. डावा कौल पडला. घड्याळ आमसुलाची सोलं आणि सुक्या बांगड्यांच्या गाठोड्यात बांधून मुंबईच्या वाटेला लागलं. त्या मे महिन्यात मुलगा स्वतः ते घड्याळ घेऊन हजर! आठ दिवस मायलेकरांचं भांडण चाललं. तो ओट्यावरून ओरडायचा, "आगो, जग खंय गेला बघ!" ती चुलीपासून ओरडायची, "जांव दे. जग सांजेक घराक येतला. तू जेवक ये." भांडता भांडता त्याला फणसाची भाजी, भांडता भांडता बांगड्याचं तिखलं. नवव्या दिवशी तो घड्याळासकट पडावात चढला. काकी वाळूत उभी राहून पडाव बोटीला लागेपर्यंत त्याला मूर्ख म्हणत होती. पुढच्या वर्षी थर्मास. पुन्हा डावा कौल, पुन्हा मे महिना, पुन्हा आठ दिवस कोकलणं. मला दोघांची कीव यायची. शिकलेल्या पोराने एवढा जीव टाकावा आणि म्हातारीने पाकळ्या बघत बसावं!

गंमत अशी की माझ्या वस्तूंना तिने कधी कौल लावला नाही. माझ्या शेकायच्या रबरी पिशवीवर तिचा इतका जीव की पावसाळाभर ती पिशवी माझ्या दृष्टीला पडायची नाही. "गायीच्या गुडघ्याक लायलंय," म्हणायची. माझी बॅटरी ती हक्काने न्यायची. सेल उतरले की काढून अंगणात उन्हाला घालायची, ताकद येते म्हणून. एकदा ते सोलांच्याच सुपात वाळत घातले. कोकमाच्या रसात दोन दिवस मुरून सेल लालभडक झाले आणि बॅटरी कायमची मेली. मी आरडाओरडा केला तर म्हणते, "उजेड नाय तर नाय, कढी तरी कर." तेव्हाच माझ्या डोक्यात काही शिरायला हवं होतं. पण मी शहाणी होते ना!

तिसऱ्या वर्षी स्टोव्ह आला, आणि इथे माझा स्वार्थ आला. मला रोज सुया आणि सिरिंजा उकळायला लागत. दवाखान्यासाठी मागितलेला स्टोव्ह वर्षभर कागदावरच पेटलेला होता. मी काकीच्या चुलीवर पातेलं ठेवायची. त्यात राख पडायची, लाकडं ओली असली की डोळ्यांतून धारा, आणि शेजारच्या वायलावर बांगडे उकळत असले की माझ्या सुयांना आमसुलाचा वास. एका म्हाताऱ्याने दंडावर सुई घेताना विचारलं, "नर्सबाय, आज तिखलां केलास?" आणि डोक्यावर माळ्यात नवा कोरा पितळी स्टोव्ह कौलाची वाट बघत पडलेला. सांगा, माणसाने किती सोसावं?

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या गुरवाच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुर्डं झालं. बोट काकडीएवढं सुजलेलं. दवाखान्याच्या बाकावर बसून तो मोठ्याने देवाचा धावा करत होता. हातात चिमटा घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"काका, बोट बरां करतंय. पण त्या बोटान माझां एक काम करूचां लागतला."

"काय तां?"

"सोमवारी काकीच्या स्टोव्हाचो कौल आसा. उजवो पडाक होयो."

गुरव नखुर्डं विसरला. "शिव शिव! अगो, देव रागावतलो!"

"आणि सुयो धड उकळल्याशिवाय मी गावाक टोचीत सुटलंय तर देव हसतलो?"

त्याने सुजलेल्या बोटाकडे बघितलं. मी चिमटा ठेवून द्यायला लागले, तसा घाईघाईने म्हणाला, "गावाच्या कौलाक मी कदी बोट लावणंय नाय हां. पण स्टोव्हाची गोष्ट येगळी. बघूया."

सोमवारी मी मुद्दाम देवळात गेले. काकी नेहमीसारखी निर्धास्त बसली होती, हातात नारळ. गुरवाने बँडेज केलेल्या बोटाने पाकळ्या लावल्या, प्रश्न देवाच्या कानावर घातला. थोड्या वेळाने उजवी पाकळी टपकन पडली.

काकी दचकली. सरळ उठून उभी राहिली. "देवा, माझो प्रश्न तुका नीट समाजलो नाय. पितळेचो स्टोव्ह. रॉकेल खाणारो. घरात घेव काय?"

गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा उजवी. काकीने देवाकडे बघितलं नाही, गुरवाकडे बघितलं. गुरव समईची वात नीट करायला लागला.

झालं, स्टोव्ह घरात आला. काकीने त्याला कधी पेटवला नाही. पण रोज संध्याकाळी चिंच लावून असा घासायची की त्यात तोंड दिसावं. गुरवाशी मात्र महिनाभर अबोला. तो सकाळी देवाला फुलं न्यायला अंगणात आला की ती त्याला चहा विचारायची, तो बंद. देवावरचा राग म्हातारी गुरवावर काढतेय, असा मी अर्थ लावला. स्टोव्ह फुरफुरायला लागला की मला वाटायचं, काय बाई आपण काम केलं!

मुलाला पत्र मीच लिहिलं: स्टोव्ह पसंत पडला, कौल उजवा झाला. त्याचं उत्तर आलं. मी ओट्यावर बसून ठसक्यात वाचलं. "वाचून जीव भांड्यात पडला. आता तुझी काळजी मिटली. त्यामुळे यंदा मे महिन्यात रजा काढीत नाही. पुढच्या वर्षी बघू."

काकी सोलं निवडत होती. म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"बरां," ती म्हणाली आणि गोठ्यात गेली. तिला गहिवरून आलं असावं, असं मला वाटलं. तो मे तसाच गेला. पुढच्या हंगामात बोचकंही आलं नाही.

आणि मग पुढच्या मे महिन्याच्या शेवटाला, पावसाआधीची शेवटची बोट जायला चार दिवस उरलेले असताना, मुलगा आला. या खेपेस त्याच्या हातात काही नव्हतं. आल्या आल्या म्हणाला, "आई, मी तुका न्हेवक इलंय." मुंबईला आता मोठी जागा मिळाली होती. नळ घरातच, वीज घरात, पाणी शेंदायला नको, लाकडं फोडायला नकोत. आणि बायकोला श्रावणात दुसरं होणार होतं. हे शेवटचं त्याने जरा हळू सांगितलं.

यावेळी भांडण झालं नाही. काकी म्हणाली, "देवाक इचारूया."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने घागर अर्ध्यावर थांबवली. "तेका आवस होयी काय सोय होयी, तां काय माका कळना नाय."

त्याला आई हवी की सोय, हे तिचं वाक्य मी धरून बसले. "काकी, तुमी जाव नकात! बाळंतीण आणि तिचां पोर, दोघांचां करूक तुमका न्हेतत. हंय तुमचां घर आसा, गाय आसा, मी आसंय."

"बघूया," काकी म्हणाली आणि घागर ओढली.

संध्याकाळी मी तरातरा गुरवाकडे गेले. तो देवळाच्या पायरीवर हार ओवत होता. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "तुका डावो होयो."

"तुमका कसां कळलां?"

"काकीचो झील मगाशीच येवन गेलो. तेका उजवो होयो."

"आणि काकी?"

"ती सकाळीच येवन गेली," म्हणून त्याने मान खाली घातली.

"मगे झालां तर! दोघींचो डावो, तेचो एकट्याचो उजवो."

"तू कित्याक गो डावो मागतंस?"

"तिच्या बऱ्यासाठी!" मी ताडकन म्हटलं.

"व्हय?" एवढंच तो म्हणाला.

बोटीच्या दिवशी सकाळी आम्ही देवळात. मुलगा सारखा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. दुपारी पडाव सुटायचा होता. गुरवाने पाकळ्या लावल्या. म्हणाला, "देवा, आवस झिलावांगडा मुंबयक जाव काय?" आम्ही बघत राहिलो. ती गेली तर घराला कुलूप, आणि मला दुसरी खोली मिळेलही; पण संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर भांडायचं कुणाशी?

उजवी पाकळी पडली.

मी जोरात म्हटलं, "काकी, परत इचारा! देवाक प्रश्न नीट समाजलो नाय!"

काकीने पदर सावरला. "नको. समाजलो."

गाय गुरवाच्या गोठ्यात गेली. घराच्या किल्ल्या तिने कमरेच्या काढून माझ्या हातात दिल्या, "तू खंय जातलंस आता? रव हंयच," म्हणाली. दुपारी लुगडं गुडघ्यापर्यंत आवळून पाण्यातून चालत पडावात चढली. "येतंय गो," म्हणाली. मुलगा तिच्या पाठीमागे हात धरून होता आणि तिने तो धरू दिला.

पडाव दिसेनासा झाला तशी मी देवळाकडे धावले. तोंडाला येईल ते बोलले. "झिलान काय कबूल केल्यान तुमका? त्या म्हातारेक तुमी विकलास! तुमचां बोट सडान जायत व्हतां तेच बरां व्हतां!"

गुरवाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बस."

मी बसले नाही.

"तिनाच सांगल्यान माका, उजवो लाव म्हणान. म्हणाली, तोंडान 'येतंय' म्हणाक माझी जीभ उचलना नाय रे. देवान धाडल्यान असां दिसांदे."

त्याने फुलांची परडी बाजूला सारली.

"अगो, तिचे कौल मी वर्सानुवर्सां तिना सांगल्याप्रमाणां लायतंय. तिका काय घड्याळ नको व्हतां? घड्याळ नको म्हटलां का झील येता. थर्मास नको म्हटलो का झील येता. भांडूक जाला तरी वर्साक आठ दीस येता. स्टोव्हाक पण ती डावोच सांगान गेल्ली. मी तुझ्या भिडेक पडलंय."

"तिका... म्हायत आसा?"

"म्हयनाभर बोलूक नाय, तेवा सगळां सांगान टाकलंय. म्हणाली, जांव दे, चेडवाक सुयो उकळूच्यो व्हत्यो. तिका सांगा नको, लाजतली."

आता मी बसले. देवळाच्या त्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. माझ्या सुया उकळाव्यात म्हणून त्या बाईने दोन वर्षं पोराचं तोंड बघितलं नव्हतं. तो स्टोव्ह तिने रोज घासला, आणि त्यावर केलेला माझा चहा माझ्या हातून घेऊन प्यायली. आणि "तिच्या बऱ्यासाठी" म्हणून मी जो डावा मागायला गेले, तो निव्वळ माझ्यासाठी होता. मला ती इथे हवी होती. हे तिला सांगायला माझीही जीभ कुठे उचलली होती?

श्रावण संपता संपता मुंबईहून पत्र आलं. अक्षर सुनेचं, बोलणं काकीचं. सुनेने ऐकलं तसंच उतरवलं होतं.

"नात झाली. दोघी बऱ्यो आसत. नळ घरातच आसा, पण पाणी फाटेच्या काळोखात येता आणि सगळ्या बिऱ्हाडांका उठवता. बटण दाबल्यार उजेड पडता, पण बघूक काय नाय, समोर भित आसा. झील सांजेक कामारसून येता तेवा माका दिसता. हंय देऊळ आसा, पण थंयच्या गुरवाची नि माझी वळख नाय. म्हणान आता सगळां तोंडानच सांगूचां लागता. तर सांगतंय. माका तुझी आठवण येता. दिवाळयेक येवन जा."